क्लचखाली जावई

विमा कंपनीतल्या त्या गृहस्थाला सगळे 'तज्ज्ञ' म्हणत. हसत हसतच म्हणत, पण त्याला ते कौतुक वाटे! हौसेनं त्यानं एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. क्लच दाबला की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळायची.

त्या दिवशी बायकोचा तिच्या कार्यालयात सत्कार होता. वीस वर्षांत एकदाही उशीर न केल्याबद्दल!

"असल्या कोकलणाऱ्या गाडीतून तुला नेऊ होय?" तज्ज्ञ म्हणाला. "तू बसनं पुढे हो. दहा मिनिटांत क्लच गप्प करतो आणि येतोच!"

"मेकॅनिकला दाखवा ना."

"मेकॅनिक? त्याला मी शिकवीन!"

बायकोनं नवऱ्याशी वाद घालणं कधीच सोडलं होतं. ती गेली.

तज्ज्ञानं सासऱ्यांना हाताशी उभं केलं, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेतली आणि सीटवर पालथा पडून डोकं थेट पेडलखाली घातलं. तोंड वर वळवून बाटली उपडी केली. तेल क्लचवर कमी आणि डोळ्यांत जास्त गेलं. दचकून मान वर केली तर कॉलर पेडलमध्ये अडकली. मागे सरकावं तर पोट सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये पाचरीसारखं बसलेलं!

"जावईबापू, ओढू का?"

"नको! हात लावू नका! जमतंय मला!"

अर्धा तास जमतच होतं. सासरे घाबरले. लेकीचा फोन बंद होता, म्हणून त्यांनी कार्यालयात लावला. शिपायानं उचलला.

"आज जिचा सत्कार आहे, तिचा मी बाप बोलतोय. जावयांचं डोकं क्लचखाली गेलंय. पाय तेवढे बाहेर दिसतायत."

"अरे देवा! हालचाल?"

"मघाशी डावा पाय हलत होता. आता तोही थांबलाय."

शिपाई धावत सभागृहात शिरला. बातमी पहिल्या रांगेत 'गाडीत अडकले' होती, मधल्या रांगेत 'गाडीखाली आले' झाली आणि शेवटच्या रांगेत पोचेस्तोवर तज्ज्ञ 'गेले' होते! मोठ्या साहेबांनी हातातली सत्काराची ढाल खाली ठेवली. सगळं कार्यालय कार्यालयाच्याच बसमध्ये चढलं. सकाळी घरून निघताना आपण मागे वळूनही पाहिलं नाही, एवढंच बायकोला आठवत होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

घरासमोर बस थांबली. गाडीच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आले होते, एका मोज्याला भोक. सगळे माना खाली घालून उभे राहिले. हेडक्लार्कनं सत्काराचा गुच्छ हलकेच त्या पायांशी ठेवला.

"बाबा!" आतून आवाज आला. "नुसते उभे काय राहताय? दहा नंबरचा पाना द्या!"

टायपिस्ट बाई किंचाळल्याच!

बायको गाडीशी गेली. पांढरा चेहरा आता लाल झाला होता.

"अडकलाय तुम्ही?"

"अडकतोय कशाला? निरीक्षण करतोय!"

तिनं पायांकडे पाहिलं, वाकली आणि गुच्छ उचलून घेतला.

साहेबांना बारा वाजता दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी तिथंच ढाल तिच्या हातात दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. मग बसचा ड्रायव्हर पुढे झाला. त्यानं सीटखालची एक दांडी ओढली. खट्! सीट मागे सरकली आणि तज्ज्ञ तेलानं निथळत बाहेर आला. ड्रायव्हरनं पेडलच्या सांध्यावर बोटभर ग्रीस लावलं, क्लच दाबला. हूं नाही की चूं नाही.

तो फोटो हल्ली कार्यालयाच्या भिंतीवर आहे. साहेब, ढाल, हसणारी बायको आणि मागे दोन पाय. नवा माणूस आला की विचारतोच, "हे कुणाचे?"

तज्ज्ञाची त्या फोटोबद्दल एकच तक्रार आहे. गाडीचा लाल रंग त्यात नीट आलेला नाही, म्हणतो!