तांबड्या समुद्रातले ट्रक

दिग्रसच्या बसस्टँडमागं हमीदचाचांच्या गॅरेजवर पंक्चर काढायला गेलात, तर आधी पाण्याच्या घमेल्यात बघायचं. ट्यूब बुडवायच्या त्या काळ्या पाण्यात मागच्या उन्हाळ्यात बहुतेक वेळा चाचांचं तोंड असायचं. गिऱ्हाईक घाबरून शेजारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पळत यायचं. मग मी सांगायचो, बाप्पा, काही झालं नाही, माणूस शाबूत आहे, श्वास रोखायची प्रॅक्टिस चालू आहे.

याला कारण त्यांचा इम्रान. तो तिकडं तांबड्या समुद्राच्या काठी एका हॉटेलात कामाला आहे. त्यानं फोनवर व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं एक मालवाहू जहाज, आणि त्याच्या पोटात ओळीनं उभे लष्करी ट्रक. चाचांनी तो व्हिडिओ मला इतक्यांदा दाखवला की त्यातले मासेसुद्धा माझ्या ओळखीचे झाले.

लढाई संपल्यावर असलेच ट्रक लिलावात निघाले होते. त्यातला एक आमच्या इथल्या जिनिंगमध्ये आला आणि कित्येक वर्षं कापसाच्या गाठी वाहत राहिला. पुढं लांब नाक, हँडल मारून चालू व्हायचा. चाचा वडिलांच्या हाताखाली त्याच्यावरच काम शिकले.

"बापू, मले खाली जाऊन ते ट्रक पाह्याचे हायेत," असं त्यांनी जाहीर केलं.

साठी उलटलेला माणूस, पोहणं शिकला तो विहिरीत! मी म्हटलं, चाचा, वयाचा तरी विचार करा. तर म्हणाले, "इंजन जुनं असलं तं काय झालं? टायमिंग बरोबर पाह्यजे." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गुडघे दुखोत, बस चुको नाहीतर चहात साखर कमी पडो, दोष कायम टायमिंगचा. चाची वैतागून म्हणायच्या, यांच्या कपड्यांचं ग्रीस काढता काढता माझा जन्म गेला, आता समुद्राचं मीठही मीच काढायचं का?

पण गेले, बुवा, इम्रानकडं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टायरमध्ये हवा भरलेला हा माणूस, दुसऱ्यानं भरलेल्या हवेवर त्याचा काडीचा विश्वास नाही. सिलिंडर पाठीवर घ्यायच्या आधी त्यांनी हवेचा वास घेतला, कंप्रेसरचं ऑइल कधी बदललं ते विचारलं. तिथल्या बुडी मारायला शिकवणाऱ्या गोऱ्यानं शेवटी इम्रानला विचारलं, तुझे वडील पाण्यात उतरायला आलेत की सिलिंडर विकत घ्यायला?

शिकणं संपवून जहाजाशी उतरले, तर पहिल्या दिवशी घोटाळाच झाला. जहाज दिसताच चाचा हरखले आणि गाडी सुरू झाल्यावर दाखवतात तसा अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. गोऱ्यानं निमूटपणे त्यांना वर आणलं. ट्रक राहिले खालीच. आता उरला एकच दिवस, तोही वारा पडला तरच. चाचा रात्रभर खिडकीशी बसून वारा ऐकत राहिले.

सकाळी वारा पडला. या खेपेला चाचांनी अंगठा मुठीत घट्ट धरला, आणि पोचले एकदाचे. पुढं गोराच वर चलायच्या खुणा करत राहिला आणि चाचा मान फिरवत राहिले. शेवटी त्यानं दंडाला धरून त्यांना वर आणलं आणि भरपूर झापलं.

हे सगळं त्यांनी परत आल्यावर, मला खजूर देता देता सांगितलं. मी हसून हसून बेजार. म्हटलं, चाचा, एवढ्या लांब जाऊन अडून कायले बसले तिथं?

चाचा हसले नाहीत. समोर एक नवी कोरी गाडी उभी होती. तिच्या मालकाला त्यांनी नुकतंच यवतमाळच्या शोरूमला जायला सांगितलं होतं, कारण कॉम्प्युटर लावल्याशिवाय हिचं काही कळत नाही.

"जिनिंगवाला ट्रक गॅसकटरनं कापला, तवा मी तिथंच उभा होतो," ते म्हणाले. "हात जोडले, बापू. कोनं आयकलं नाई. आता गॅरेजात येते त्यातली एक बी गाडी मले ओळखत नाई."

चाचांनी एक खजूर उचलला, आणि न खाता हातातच धरून ठेवला.

"खाली गेलो तं सगळे उभे होते. अंगावर शिंपले चढले, आतून मासे फिरून राह्यले, पन उभे. बोनेटवर हात ठेवला तं सोडवेना." त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि मग कुठं हसले. "लई चांगली जागा हाये, बापू. तिथं भंगारवाला पोचत नाई."