चांदभाईंची पांढरी भिंत

भिंत पांढरी झाली आणि चांदभाई मन्यारांची झोप उडाली.

खरं म्हणजे ही हौस त्यांची नव्हतीच. तिसगावात बाजाराच्या वाटेवर त्यांचं बांगड्यांचं दुकान आणि मागे लागूनच दोन खणांचं घर होतं, आतून चकचकीत आणि बाहेरून पार कळा गेलेलं. पावसाने पुढच्या भिंतीची माती धुऊन नेली होती आणि आतले दगड दात विचकून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होते. अशात शेवगावहून मुलीला, जरीनाला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. कापडाचं दुकान, शिकलेला मुलगा, आणि असं स्थळ आपल्या पायांनी मन्याराच्या दारात चालून यावं, हे नवलच होतं. पाहुणा आधी भिंत बघतो, मग पोरगी, असं मुबारकबींनी नवऱ्याला बजावलं. मग चांदभाईंनी भिंत मातीने लिंपली, ढासळलेला ओटा बांधून काढला, आणि ईद उरकताच नगरचा चुना दोनदा फिरवला.

तोवर सगळं छान होतं. मग शेजारचा पुंजाराम शिंपी आला, कमरेवर हात ठेवून लांब उभा राहिला आणि म्हणाला, "लई झ्याक झाली, चांदभाई. पार येशीपासनं वाचता यील."

"काय वाचता यील?"

"जे कुनी लिव्हील ते."

एवढं बोलून पुंजाराम शिवायला गेला. चांदभाई मात्र भिंतीकडे बघतच राहिले. बेचाळीस साल चाललं होतं. गावोगावच्या भिंतींवर रातोरात 'चले जाव' उमटत होतं आणि सकाळी फौजदार भिंतीच्या मालकाला घेऊन जात होता. लिहिणारा पळून जातो. भिंत आणि तिचा मालक जागच्या जागी सापडतात. साऱ्या तिसगावात कोरी पांढरी भिंत आता एकच होती. शुक्रवारी पाहुणे येणार आणि मुलीचा बाप तुरुंगात, मग जरीनाला कोण करून घेणार?

आधी ते स्वतःच भिंतीला पाठ लावून राखण बसले. त्याने सदरा तेवढा पांढरा झाला आणि गिऱ्हाईक परत गेलं. मग विचार करकरून त्यांना एक युक्ती सुचली. जिथे लिहायला जागाच नाही, तिथे कोण काय लिहिणार? मुबारकबी पाथर्डीला बहिणीकडे चांगल्या कपबशा मागायला गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी म्हशीवाल्या लंकाबाईला बोलावलं आणि भिंतीवर गोवऱ्या थापायला सांगितलं. लंकाबाईने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"चांदभाई, ताप हाय का अंगात?"

"थापा, बाई. दाट थापा. मधी बोटभरबी जागा ठिवू नगा."

मुबारकबी परतल्या तेव्हा भिंत जोत्यापासून वळचणीपर्यंत शेणाने भरली होती. कपबशांचं गाठोडं मांडीवर घेऊन त्या ओट्यावरच बसल्या. "जरीनाचे अब्बा, पोरीचं नशीब तुमी तुमच्या हातानं शेनात घातलं," एवढंच म्हणाल्या आणि गाठोडं घेऊन आत गेल्या.

शुक्रवारी पाहुण्यांच्या आधी फौजदारच आला. तो आपला शिपाई घेऊन फेरीवर निघाला होता, घोडा पुढे गेलासुद्धा होता, पण भिंत बघून त्याने तो मागे वळवला. काठीच्या टोकाने एक गोवरी उचकटली. खाली कोरा करकरीत चुना.

"चुना कधी दिला?"

"परवा, सायेब."

"आणि गोवऱ्या?"

"काल, सायेब."

फौजदार हसला. परवा चुना देऊन काल त्यावर शेण थापणारा माणूस काहीतरी झाकतो आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याने शिपायांना सगळ्या गोवऱ्या काढायला लावल्या. त्या अजून ओल्या होत्या. शिपाई कोपरापर्यंत बरबटले, सारा बाजार जमला, आणि नेमका तेव्हाच शेवगावचा छकडा दारात येऊन उभा राहिला. चांदभाईंनी पाहिलं. त्यांना पळायचं होतं, पण पळायचं कुठे? ते खांबासारखे उभे राहिले.

शेवटची गोवरी निघाली. भिंतीवर शेणाचे गोल डाग होते, बाकी काही नाही. फौजदाराने मान तिरकी करून तेही वाचून पाहिले. मग, पुन्हा असलं काही करू नका, असा दम भरून तो निघून गेला. असलं म्हणजे काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

स्थळ मोडलं, आता पाहुण्यांना निदान पाणी तरी विचारावं, म्हणून चांदभाई वळले, तर मुलाच्या बापाने, गनीभाईंनी, त्यांना मिठीच मारली. आत नेऊन दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "फौजदारापुढं काय उभे हुता तुमी. पापनीबी हालली न्हाई."

चांदभाईंची पापणीसुद्धा भीतीने गोठली होती, पण ते सांगायला गनीभाईंनी सवडच दिली नाही.

"आता तुमच्यापासनं काय लपवायचं? शेवगावच्या भिंती आमच्या ह्या पोरानं, शमशेरनंच रंगवल्यात. पोलीस मागावर हायेत. जवळच्या कुनी पोरगी द्यायची छाती केली न्हाई, म्हनून इतक्या लांब आलो. निकाह आजच लावू. थोडे दिवस तो हितंच ऱ्हाईल. तुमच्या दारची झडती झाली, आता कोन येतंय?"

चांदभाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पडद्याआड बांगड्या किणकिणल्या. फटीतून जरीना शमशेरकडे बघत होती आणि हसत होती. आणि मुबारकबी नवऱ्याकडे अशा कौतुकाने बघत होत्या, जसं त्यांनी लग्नापासून कधी बघितलं नव्हतं. उघडलेल्या तोंडातून शब्द निघाला तो वेगळाच.

"कबूल," चांदभाई म्हणाले. काजींना बोलवायला माणूस अजून जायचा होता.

शमशेर एवढा वेळ दाराच्या फटीतून बाहेर बघत होता. तो वळला. त्याचे डोळे चमकत होते.

"चाचा, भिंत लई मोक्याची हाय. डाग पडलेत, पन जागा बक्कळ हाय."

"आधी जेवून घे, बेटा," चांदभाई म्हणाले, आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.