दोन त्री

गुपित सांभाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही! सायगॉनची गाडी चालवतो मी. मागच्या सीटवरच्या किती भानगडी पोटात ठेवल्यात, विचारू नका. मग स्वतःची मूळव्याध लपवणं म्हणजे डाव्या हातचा मळ!

अडचण एकच होती. आमच्या व्हिएतनामी भाषेत मूळव्याधीला 'त्री' म्हणतात, आणि त्या लांब शेपटीच्या, रानकोंबड्यासारख्या देखण्या पक्ष्यालाही 'त्री'च म्हणतात. हल्ली आमच्या भागात जो तो हे पक्षी पाळतो.

तर सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला सासुरवाडीला गेलो होतो. आदल्या दिवशी मागच्या फणसाखाली जाऊन औषधवाल्याला हळूच फोन लावला.

"दोन त्री आहेत हो. एक आतच असतो. दुसरा रोज सकाळी बाहेर येतो. पूर्वी आपणहून आत जायचा, आता बोटाने ढकलावा लागतो!"

"रक्त?"

"जातं थोडं. मलम द्या ना एखादं."

"मलम कसलं मागतोस? रक्त जातंय तर डॉक्टरला दाखव!"

मी फोन ठेवून दिला. डॉक्टर म्हणजे पँट उतरवणं आलं. छे!

फणसापलीकडे सासूबाई भाजी खुडत होत्या. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की जावयाने दोन त्री पाळलेत आणि त्यातला एक फार वांड आहे. हे मला तेव्हा कुठे माहीत!

दुसऱ्या दिवशी अंगणात पन्नासेक पाहुणे जमले. आमच्याकडे काका-आत्यांना जन्माच्या क्रमांकानेच ओळखतात; त्यातल्या सहाव्या काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय रे खुओंग, दोन आहेत म्हणे!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "को... कोणी सांगितलं, काका?"

"लाजतोस काय? माझ्याकडे वीस होते!"

"वीस!"

"मग! पण तुझी काकू सारखी कटकट करायची. शेवटी शेजाऱ्यांना वाटून टाकले."

मी काकांकडे बघतच राहिलो. एवढं सोसूनही माणूस टणक लाकडी बाकावर मांडी ठोकून बसला होता! तेवढ्यात आठव्या आत्या आल्या.

"असं कोंडून नको रे ठेवूस. सकाळी अंगणात जरा ऊन दाखवत जा. पोरंही बघतील, खूश होतील."

"आत्या, काहीतरीच काय!"

"अरे, देखणी गोष्ट लपवायची कशाला?"

मी पळवाट शोधत होतो, तर समोर सासूबाई उभ्या. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात सुरा!

"बाळा, दोनातला एक आज कापूया. तुझ्या सासऱ्यांना फार आवडायचा."

"आवडायचा?"

"भाजलेला!"

मी पाण्याच्या रांजणामागे उडी मारली. सासूबाई सुरा घेऊन मागे!

"अरे, पळतोस काय? गाडीतल्या पिंजऱ्यात ठेवलायस ना? सांग, मीच काढते!"

"मा, पिंजरा नाहीये! ते माझ्या बुडात आहेत!"

कोणाच्या तरी हातातली वाटी पडली. माझी बायको दिएप पदार्थांच्या ताटांआड तोंड लपवून बसली. हसत होती की रडत होती, देव जाणे.

सासूबाईंनी मात्र सुरा खाली ठेवला. "रक्त जातं?"

"थोडंसं. त्रीचंच आहे, मा. थांबेल."

त्या मटकन खाली बसल्या. "तेही हेच म्हणायचे. त्रीचंच आहे, थांबेल. कधी दाखवलं नाही. शेवटी आतड्यात गाठ निघाली, तोवर हातात काही उरलं नव्हतं."

देव्हाऱ्यातल्या फोटोतून सासरे माझ्याकडेच बघत होते. तोपर्यंत मी खरोखर घाबरलो नव्हतो, तेव्हा घाबरलो.

"मग डॉक्टरकडे का नाही गेलास?" सहाव्या काकांनी विचारलं.

"लाज वाटत होती, काका."

काकांनी सगळ्या अंगणावरून एकदा नजर फिरवली. "आता कोणाची वाटायची राहिलीय?"

त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला कान धरून इस्पितळात नेलं. आत दुर्बिणीने तपासणी झाली, बाहेर त्या कपाळाला निलगिरी चोळत बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "गाठबीठ नाही, त्रीच आहेत. रबराचं कडं बांधलं की गळून पडतील. पण रक्त दिसल्यावर स्वतःच निदान करत बसू नका. बाहेर आलेला आत जाईना, तरी लगेच यायचं."

मी दार उघडून म्हणालो, "मा, त्रीच आहेत!"

झालं! सासूबाईंनी दोन्ही हात वर केले. रडत, हसत, इस्पितळ दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "त्रीच आहेत हो! आमच्या जावयाला नुसती मूळव्याध आहे!"

सगळी रांग उठून उभी राहिली. कोणी हात मिळवला, कोणी पाठ थोपटली. एका म्हाताऱ्या आजीबाईंनी तर आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली, "बस रे पोरा, बस!"

मी म्हटलं, "नको आजी. उभाच बरा आहे."