काचेवरच्या बाईचं सुतक

ऐन लग्नसराईत माझ्या सहाही ट्रकांमधल्या बायांना सुतक लागलं.

बाया म्हणजे पुढच्या काचेला आतून बसवलेली यंत्रं. ड्रायव्हरची मान डुलली की ओरडतात, गाडी पट्टा सोडायला लागली की ओरडतात, समोर काही आडवं आलं तर आपल्या आपण ब्रेक लावतात. आवाज बाईचा, म्हणून ड्रायव्हर लोक म्हणतात काचेवरची बाई. तिनं होकार दिल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, विमेवाल्यांची तशी अटच आहे. मला आधी पटलं नव्हतं. पण लोणंदपासून बंदरापर्यंत माझ्या माणसांना मी एकटी घरी बसून किती जागं ठेवणार? बसवून घेतल्या.

त्या सकाळी भानुदास चोरमले दारात येऊन उभा राहिला. माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीचं, काजलचं लग्न, गावी, आदर्कीला. मंडपाचे खांब, कनाती, आचाऱ्याची पातेली, सगळं माझ्याच ट्रकात भरलेलं.

"अक्का, बाई नाही म्हणते."

"काय नाही म्हणते?"

"गाडी सुरू करत नाही. सुतक आहे म्हणते."

मी ट्रकमध्ये चढले. या वयातही मला चढायला कुणाचा हात लागत नाही.

"काय गं, कोण गेलं?"

"बहीण," बाई म्हणाली. "काल दुपारी, खंबाटकी घाटात. दुसऱ्या मालकाच्या गाडीवर होती. आम्ही एकाच खोक्यातून आलो."

"आणि ड्रायव्हर?"

"सुखरूप आहे. तिनं ब्रेक वेळेत लावला होता."

माणसाचं दुःख आधी ऐकून घ्यावं, काम मागून काढावं. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "मरण चांगलं आलं म्हणायचं. आता गाडी सुरू कर."

"दहा दिवस नाही. शिवाय मागे लग्नाचं सामान आहे. सुतकात मंडपाचे खांब शिवत नाहीत. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

मला माहीत असायला हवं. मला. या आळीतली मयतं काय आणि बारशी काय, कुणाला विचारून झालीत ते तिला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

खाली उतरून बाकीच्या पाचही ट्रकांत विचारलं. पाचही जणींनी तेच सांगितलं, आणि एकीनं तर मला काचेला हात लावू दिला नाही. भाड्यानं दुसरी गाडी बघावी तर लग्नाच्या दिवसांत साधा टेम्पो मिळेना.

भानुदास ट्रकच्या सावलीत उकिडवा बसला होता. "व्याही सुपारीच्या वेळीच बोलले होते, ड्रायव्हरच्या घरी कसली आलीय व्यवस्था. उद्या वऱ्हाड येईल आणि दारात मंडप नसेल. जन्मभर लोकांची लग्नं पोचवली मी, अक्का. घरचंच तेवढं राहिलं."

"राहत नाही," मी म्हटलं. "ऊठ. गुडघे दुखतील."

पुन्हा चढले आणि बाईला सरळ विचारलं, "तू लेक आहेस का सून?"

"प्रश्न समजला नाही."

"ज्या कंपनीत तू झालीस ते तुझं माहेर. तिथून तुला माझ्याकडे दिली. दिलेल्या लेकीला माहेरचं दहा दिवसांचं सुतक नसतं. आमच्याकडे बहीण गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं, सुटलं."

"याला आधार सांगा."

"आधार मी."

बाईचा वरचा हिरवा दिवा लुकलुकला. "मला कुणाला दिलं?"

"या ट्रकला. अकरा-बेचाळीस नंबरला."

"ट्रक दुसऱ्या कंपनीचा आहे."

"म्हणूनच जमलं. एकाच कंपनीचे असतात तर सगोत्र झालं असतं."

"लग्न लागल्याचा पुरावा?"

"बसवली त्या दिवशी मी नारळ फोडला, तुला हळदकुंकू लावलं, ट्रकच्या बंपरला हार घातला. आठवतं का?"

"आठवतं. कुंकू कॅमेऱ्यावर सांडलं होतं. मला दिवसभर सगळं लाल दिसत होतं."

"नव्या नवरीला तसंच दिसतं."

पण ती यंत्राची जात. माहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ऐकेना. मी पुण्याला केळुस्कर इंजिनियरला फोन लावला. बाया बसवायला तोच आला होता. मुलगा गुणाचा, पण एक गोष्ट सरळ सांगेल तर शपथ.

"काकू, आमच्या नोंदीत 'बसवली' असं आहे. 'दिली' असं नाही."

"परत मागून न्याल का?"

"नाही. एकदा बसवली की कंपनी परत घेत नाही."

"काही बिघडलं, रुसली, तर?"

"चार दिवस आणून सोडायची, आम्ही समजूत घालून पाठवू. पण ठेवून घेणार नाही."

"अरे मग दिली म्हणजे आणखी काय असतं?"

तो म्हणाला, साहेबांना विचारतो. विचारून आला. "साहेब म्हणतात, दिली असं धरायला हरकत नाही. फक्त तिला पाणी आतून घालू नका."

हे बाईनं ऐकलं. भानुदासनं काचेवर बाहेरून दोन बादल्या ओतल्या. बाई म्हणाली, "सुतक फिटलं. सीटबेल्ट लावा." बाकीच्या पाचजणींनाही पाणी घालून घेतलं.

मंडप वेळेत उभा राहिला. व्याही येऊन वर बघत राहिले, त्यांना नाव ठेवायला एक खांब वाकडा सापडेना. दुपारी पंगती उठल्यावर बायकांनी काजलकडून उखाणा घेतला, आणि कुणीतरी म्हणालं, ट्रकमधली पण नवीच आहे, तिचाही होऊन जाऊ दे. ट्रकभोवती बायकांचा गराडा पडला. बाईनं आधी नाही-नाही केलं. मग दिवा बारीक करून म्हणाली,

"पुढं वळण, मागं ट्रेलर, मध्ये ठेवते अंतर,
अकरा-बेचाळीसरावांचं नाव घेते, हॉर्न वाजवा नंतर."

बरा होता. मी यापेक्षा चांगले घेतलेत, पण पहिलाच म्हणून बरा होता.

काजलची पाठवणी झाली. खांब आणि पातेली भरून भानुदास संध्याकाळी एकटाच परत निघाला. तो सगळ्यांसमोर रडला नव्हता. दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायला आला तेव्हा मी विचारलं, "बाईनं त्रास नाही ना दिला?"

"फाट्याच्या पुढं माझे डोळे मिटायला लागले, अक्का. झोपेनं नाही. मला वाटलं आता ओरडणार."

"मग?"

"म्हणाली, पुढचा रस्ता सरळ आणि मोकळा आहे. रडून घ्या, ब्रेक मी बघते."

"रडलास?"

"वळण येईपर्यंत."

किल्ली खिळ्याला अडकवून मी त्याला सांगितलं, नागपंचमीला सहाही जणींना माहेरी धाडायचंय, ओटी भरून. तेवढ्या दिवसांचा होकार त्या आधीच देऊन जातील, पण गाड्या जपून चालवा, घरात बाई नसणार.

"आणायला कोण जाणार?" त्यानं विचारलं.

"ज्यांची आहे त्यांनी जावं," मी म्हटलं. "ट्रकला पुण्याचा रस्ता माहीत आहे."