मास्तर, सासूबाई आणि चढावरचं गाणं

सासूबाईंनी चढावर पुन्हा एकदा गाडी बंद पाडली, तेव्हा मास्तरांनी गाण्याचा आवाज वाढवला.

“अहो जावईबापू, गाडी बंद पडलीय! आवाज कसला वाढवताय?”

“आई, गाडी कुठे पळून जात नाही. हे ऐका. आज सकाळीच आलंय. सोल म्हणतात गाण्याच्या या प्रकाराला. या बाईंचा आवाज म्हणजे कसा, सर्दी झालीय, पण त्याबद्दल जराही खंत नाही, असा.”

“मग वाफ घ्या म्हणावं.”

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकवणं पोटासाठी होतं, जीव मात्र नव्या गाण्यांत. दर शुक्रवारी नवी गाणी यायची. मास्तर ती आंघोळीच्या आधीच ऐकून टाकत आणि पहिला विद्यार्थी येईपर्यंत त्यांची मतं तयार असत. ‘बरं आहे’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. गाणं एक तर वर्षातलं सर्वांत थोर असे, नाही तर गाणाऱ्याने ताबडतोब दुसरा उद्योग बघायला हवा असे. अधलंमधलं काही नाही.

सासूबाईही काही कमी नव्हत्या. जन्मभर त्यांनी इस्पितळात सर्जनच्या हातात अवजारं दिली होती, आणि त्यांनी तळहात दाखवला की भलेभले सर्जन थांबत. त्यांची धाकटी बहीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्याकडे जायचं म्हणजे आधी लेकीची सुट्टी बघा, मग जावयाचा मोकळा वेळ बघा. एके दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, “माझ्या बहिणीकडे जायला मला कुणाची परवानगी नको,” आणि त्या थेट मास्तरांच्या गाडीत जाऊन बसल्या. चुकीच्या बाजूला बसल्या, पण बसल्या.

बाकी सगळं त्यांना भराभर जमलं. अडलं ते चढावर. क्लच एकदम सुटायचा आणि गाडी आचका देऊन गप्प व्हायची. आजही तेच झालं होतं. पण गाणं ऐकता ऐकता मास्तर एकदम ताठ बसले.

“आई, या बाई सुरुवातीला नुसत्या गुणगुणतात, बघा. तोवर क्लच दाबून ठेवायचा. मग आवाज हळूहळू उघडतो. तसाच क्लच हळूहळू सोडायचा. आणि पहिला शब्द आला, की हँडब्रेक खाली!”

सासूबाईंनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. बाई गुणगुणल्या, आवाज उघडला, शब्द आला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढ चढून गेली.

मास्तरांचे डोळे सुखाने मिटले. “बघितलंत? या वर्षातलं सर्वांत थोर गाणं आहे हे!”

“गाडी मी चढवली,” सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून शिकवणीला वेगळाच रंग चढला. गिअर बदलायला एक नवं डान्सचं गाणं ठरलं, कारण त्यातला ठोका घड्याळासारखा चोख होता. गाडी मागे घेऊन दोन खांबांमध्ये लावायला ‘ओल्या छत्र्या’ नावाच्या इंडी बँडचा नवा अल्बम.

“चार पोरांनी स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड केलाय,” मास्तर भक्तिभावाने म्हणाले. “मागे भांड्यांचा आवाज येतो ना, तो मुद्दाम ठेवलाय.”

“भांडी घासायची राहिली असतील. आणि हा मुलगा गातोय की मळमळतंय म्हणून थांबलाय?”

“आई, तो हळवेपणा आहे!”

पण त्या रडक्या गिटारीवर गाडी मागे घेणं सासूबाईंना सुरेख जमायचं. ऐकणाऱ्याला कसलीच घाई करावीशी वाटत नसे.

अडचण एवढीच झाली, की सासूबाईंनाही मतं फुटली. त्यांना डान्सची गाणीच आवडायला लागली. मास्तरांच्या लेखी तो सगळ्यांत हलका माल.

“यात मन कुठे आहे, आई?”

“मन घरी ठेवून यायचं. गाडी चालवताना काय करायचंय ते? हे ऐकलं की कसं, कामाला लागावंसं वाटतं.”

हे वाद जेवणाच्या टेबलापर्यंत यायचे. मास्तरांची बायको दोघांना वाढायची आणि स्वतःचं ताट उचलून आतल्या खोलीत जायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. मैदानाच्या फाटकावर पाटी होती: ‘चाचणीच्या वेळी वाहनातील संगीत बंद ठेवावे.’ ती पाटी मास्तरांनी आजवर असंख्य वेळा पाहिली होती, पण वाचली आजच. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“आई, गाणं लावता येणार नाही.”

“मग मी म्हणेन.”

“अहो, पण म्हणजे...”

“ऑपरेशन चालू असताना दिवे गेले, तरी मी कधी हातपाय गाळले नाहीत. गाण्याचं काय घेऊन बसलात?”

चाचणी घेणारे साहेब शेजारी बसले. मास्तर कुंपणापाशी उभे राहिले. गाडी निघाली. सासूबाई ठोका धरून “धप्प-चिक, धप्प-चिक” करत गिअर टाकत होत्या. कवळी सैल झाली असेल, असं समजून साहेब सभ्यपणे खिडकीबाहेर पाहू लागले. खांबांमध्ये गाडी मागे घेताना सासूबाईंनी एक लांबलचक रडका सूर काढला. साहेबांनी घड्याळात पाहिलं, पण गाडी अशी नेमकी बसली होती की बोलायला जागा नव्हती.

मग चढ आला. सासूबाईंनी मध्यावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि सुरुवात केली, “ऊंऽऽऽ... ऊंऽऽऽ...”

साहेब दचकले. “बाई, बरं वाटतंय ना?”

सासूबाईंनी तळहात दाखवला. साहेब थांबले.

त्या गाण्याची सुरुवात लांब होती आणि सासूबाईंना काही गाळायची सवय नव्हती. मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी एक. हॉर्न वाजायला लागले. “ऊंऽऽऽ” चालूच.

साहेबांनी काच खाली करून आरोळी ठोकली, “यांच्याबरोबर कोण आहे?”

मास्तर धावत आले. “मी, साहेब! जावई!”

“अहो, यांना त्रास होतोय!”

“त्रास नाही, साहेब, सुरुवात आहे! शब्द अजून यायचेत!”

तेवढ्यात शब्द आला. सासूबाईंनी तो असा मोकळ्या गळ्याने म्हटला, की मागचे हॉर्न बंद पडले. हँडब्रेक खाली गेला आणि गाडी अलगद चढ चढून गेली.

खाली उतरल्यावर साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, “गाडीतलं संगीत बंद ठेवा, असा नियम आहे. गाडीतल्या माणसाबद्दल नियम काही म्हणत नाही. तुम्ही पास.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. इथेच नमस्कार करून निघायचं. पण साहेब सही करता करता पुटपुटले, “गाणं मात्र चढाला साफ चुकीचं. मीही ऐकलंय ते. फार संथ. शब्द येईपर्यंत माणूस म्हातारा होतो.”

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “साहेब, किती वेळा ऐकलंत?”

“एकदा. पुरे झालं.”

“एकदा? ते गाणं कानाने ऐकायचं नसतं, साहेब. बसा गाडीत. दाखवतो. चाचणी संपलीय, आता संगीताला बंदी नाही.”

“दाखवाच,” साहेब म्हणाले. मतांच्या बाबतीत तेही मागे हटणारे नव्हते.

“जावईबापू, घरी जाऊ या,” सासूबाई मागच्या सीटवर बसत म्हणाल्या. पण ऐकायला कोण होतं?

चढाच्या मध्यावर मास्तरांनी गाडी थांबवली. गाणं सुरू झालं. बाई गुणगुणू लागल्या. “आता ऐका,” मास्तर म्हणाले, “आता आवाज उघडतो...”

गाण्यातली ही जागा मास्तरांनी आजवर नेहमी शेजारच्या सीटवर बसून ऐकली होती. तिथे ती आली की त्यांचे डोळे आपोआप मिटत आणि अंग सैल पडे. आजही तेच झालं. शब्द आला. हाताने इमानदारीत हँडब्रेक खाली केला. पायाला मात्र क्लच सोडायची आठवण राहिली नाही. गाडी मागे निघाली. मास्तर मान डोलावत राहिले.

“ब्रेऽऽक!” सासूबाई ओरडल्या.

साहेबांनी शिकवणीच्या गाडीतला आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, पण तोवर गाडी चढाच्या पायथ्याशी ठेवलेल्या पिंपाला टेकली होती. पिंप गडगडत निघालं, त्याने खांब पाडले आणि शेवटी एका उभ्या स्कूटरला आडवं केलं. स्कूटर साहेबांची होती.

गाण्यातल्या बाई अजून गातच होत्या.

“गाणं चांगलं आहे,” साहेब स्कूटरकडे बघत म्हणाले. “माझी चूक झाली. मास्तर, तुमची फेरचाचणी पुढच्या आठवड्यात. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.”

परतताना सासूबाई चालवत होत्या. मास्तर शेजारी अंग चोरून बसले होते. चौकात गाडी वळली, तसे ते हळूच म्हणाले, “आई, घर डावीकडे आहे.”

“माहितीय. बहीण उजवीकडे आहे.”

घरी पोचायला संध्याकाळ झाली. बायको दारातच उभी होती. “एवढा उशीर? आई, झालीस का पास?”

“मी झाले,” सासूबाई चपला काढत म्हणाल्या. “जावईबापूंची परत आहे.”

“यांची? यांची कसली परीक्षा? आणि हे कुठे आहेत?”

मास्तर अजून गाडीतच होते. काचा वर होत्या आणि आतून धपधप ठोका ऐकू येत होता. शुक्रवार होता आणि परीक्षेच्या गडबडीत सकाळचं ऐकणं राहून गेलं होतं. एक नवं गाणं आलं होतं, चक्क डान्सचं, आणि मास्तरांची मान हलत होती.

सासूबाईंनी कान टवकारले. मग काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या.

“आता कुठे निघालीस?”

“आलेच,” त्या म्हणाल्या. “त्यांचं एकट्याचं मत नको व्हायला.”