धोबी पक्ष्याचा चार्ज

मोहरवाडीच्या तलावावर हिवाळ्याचा चार्ज धोबी पक्ष्याकडे आणि पावसाळ्याचा पावशाकडे असतो, आणि दुसऱ्याने सही करून चार्ज घेतल्याशिवाय पहिल्याला तलाव सोडता येत नाही. मी तिथल्या शाखा कार्यालयात आवक-जावक पाहतो.

दरवर्षी पाडव्याला पावशा हजर होतो. रोहिणी नक्षत्र लागलं की करंजावर बसून "पेरते व्हा" ओरडतो. त्याशिवाय आजूबाजूच्या अठरा गावांत कुणी पेरणीला हात लावत नाही. यंदा त्याच्याऐवजी अर्ज आला. घसा बसला आहे, दिवाळीपर्यंत रजा मिळावी. सोबत डॉक्टरांचा दाखला होता, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती.

धोबी माझ्या टेबलावर येऊन उभा राहिला. मूठभर जीव, पण शेपूट एक क्षण स्थिर नाही. गेल्या वर्षी पावशा अकरा दिवस उशिरा आला होता. धोबी हिमालयात पोहोचला तेव्हा सगळ्यांच्या जोड्या जमून गेल्या होत्या, आणि त्याने आख्खा उन्हाळा दुसऱ्यांची घरटी बघत काढला. यंदाही तेच होणार, असं तो साहेबांना सांगत होता. साहेबांनी वर पत्र पाठवलं आणि उत्तर ज्येष्ठात येईल असं कळवलं. मला फार वाईट वाटलं.

आमच्या हेडक्लार्क कुमुद वाघचौरे एकतीस मार्चला निवृत्त होणार होत्या. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला पाच मिनिटं आधी सोडलं नव्हतं. माझ्या हळदीच्या दिवशीही मी ऑफिस सुटल्यावरच निघालो होतो. त्यामुळे बाईंनी चष्मा काढला तेव्हा आम्हाला वाटलं, आता धोब्याची खरडपट्टी निघणार.

"रिकाम्या जागेचा चार्ज हजर कर्मचाऱ्याला घेता येतो," बाई म्हणाल्या. "मी हजर आहे."

चार्ज असलेल्याला निवृत्त होता येत नाही, शिवाय करंजावर चढावं लागेल, याची साहेबांनी जाणीव करून दिली.

"गुडघे दुखतात. चढेन."

त्यांनी तलाव, लव्हाळे, करंज, किडे अंदाजे, असं सगळं यादीप्रमाणे तपासलं आणि सही केली. धोबी त्याच क्षणी उत्तरेला गेला. शेपूट हलवायचंही त्याला सुचलं नाही.

रोहिणी लागल्या त्या पहाटेपासून बाई करंजावर बसून "पेरते व्हा" ओरडू लागल्या. आवाज दटावल्यासारखा येतो, अशा दोन तक्रारी आल्या. त्या मी आवकमध्ये नोंदवल्या. पेरण्या मात्र अठराही गावांत वेळेवर झाल्या, उलट एक गाव धसक्याने दोन दिवस आधीच उरकून बसलं.

ऑक्टोबरात धोबी परतला. सोबत बायको आणि तीन पिल्लं होती. पाच शेपट्या एकदम हलत होत्या. बाईंनी झाडावरूनच यादी वाचून दाखवली, त्याची सही घेतली, आणि पिल्लांकडे बराच वेळ पाहिलं.

"वेळेत पोहोचलास म्हणायचं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी सत्काराचा नारळ आणला होता. पण पावशाच्या जागेवर काम केलेल्याने हिवाळ्यात तलावावर थांबायचं नसतं, हा नियम बाईंनीच त्यांना दाखवला. मग पदर खोचून त्या फांदीवरून उठल्या आणि तलाव ओलांडून दक्षिणेकडे गेल्या.

त्यांच्या चपला करंजाखाली आहेत. पाडव्याला लागतील, म्हणून आम्ही हलवलेल्या नाहीत.