शेंदूरजना मोठ्या टाकीत जाते

या, असे जवळ येऊन बसा. दारात चपला घालून बोलायची ही काय रीत झाली? सहा महिने तोंड दाखवायचं नाही, अन् आलात की पहिला प्रश्न, "शेजारून हा आवाज कसला येतो?" बसा आधी. सांगते.

सकाळचे सात वाजले की आमच्या भिंतीपलीकडून खणखणीत आवाज येतो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अंजनगाव सुर्जीकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. धारणीच्या प्रवाशांनी दगडामागून बाहेर यावे." नवा माणूस दचकतो. अकोल्याचं बसस्टँड तर इथून कितीतरी लांब! पण पलीकडे स्टँड नाही, पलीकडे आमचे दिगांबरभाऊ आहेत, अन् ते मासोळ्यांना जेवायला बोलावत असतात.

दिगांबरभाऊंनी तीस वर्षं बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचं केलं, ती गेल्यावर एकटेच राहिले. नोकरी सुटली, पण आवाज सुटला नाही. खिडकीतलं एक वाक्यही तोंडाला चिकटून आलं, "लागली की सांगतो." भाऊ, चहा झाला का? "लागली की सांगतो." भाऊ, तब्येत कशी आहे? "लागली की सांगतो." एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, "भाऊ, भूक लागली का?" तर तेच उत्तर. हे हसून हसून आडवे झाले.

मासोळ्या त्यांच्या पुतण्याच्या. खाऱ्या पाण्यातल्या, समुद्राच्या. तो इथे नोकरीला होता तेव्हा त्याने हौसेने टाकी मांडली, अन् बदली झाली तशी काकांकडे ठेवून निघून गेला. भाऊंनी तिघींची नावं गाड्यांवरून ठेवली. खायला पुढे अन् सगळीकडे गर्दी करणारी पिवळी ती अंजनगाव. दगडांत शिरून बसणारी, कधी वेळेवर न पोहोचणारी ती धारणी. अन् संत्र्यासारखी केशरी, अंगावर पांढरे पट्टे असलेली ती शेंदूरजना. संत्र्याच्या गावाचं नाव, दुसरं काय ठेवणार! ही त्यांची सगळ्यांत लाडकी. भाऊ पुकारायला लागले की काचेला नाक लावून उभी.

तर मागच्या महिन्यात जुनी टाकी कोपऱ्यातून पाझरायला लागली. भाऊंनी तिच्या दुप्पट मोठी काचेची टाकी आणली. आता प्रश्न आला पाण्याचा. समुद्रातल्या मासोळीला साधं पाणी चालत नाही, वेगळं मीठ विकत आणून ते मोजून कालवावं लागतं. मी म्हटलं, "भाऊ, मीठ आणलं का?"

भाऊ हसले. "मीठ कायले पायजे, वयनी? आपलं गाव कोनतं?"

त्यांचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या जमिनीतलं पाणीच खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुण्याचा चहा नासतो. त्या गावात मुलगी द्यायची तर बाप आधी पाणी चाखून बघायचा.

"आमच्या चुलतभावाच्या बोअरले समुद्रच लागला हाये, असं समजा," भाऊ म्हणाले. "फुकटचा समुद्र सोडून मी मीठ कालवत बसू?"

अन् खरंच, छोट्या टेम्पोत ड्रम भरून खारपाण आलं. नवी टाकी काठोकाठ भरली. जुनी टाकी रिकामी करून तिच्या पाण्यासकट तिघींना मोठ्या बादलीत ठेवलं, वर हवेचा पंप लावला. मी म्हटलं, "ती खारटपणा मोजायची काचेची नळी पुतण्यानं दिलीय ना, ती तर घालून बघा." भाऊंनी बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं अन् म्हणाले, "माही जीभ हाये ना! एक नंबर समुद्र!"

पहिला मान शेंदूरजनेचा. "शेंदूरजनाघाटची गाडी सुटत आहे," म्हणत त्यांनी तिला जाळीतून अलगद सोडलं. बिचारी सरळ खाली गेली. मग कलली. मग एका कुशीवर झाली.

"बाप्पा!" भाऊंनी शर्टाच्या बाहीसकट हात घातला अन् ओंजळीत धरून तिला परत बादलीत टाकलं. लगेच फोन लावला अमरावतीला, सलीमभाईंना. पुतण्या त्यांच्याच दुकानातून मासोळ्यांचं सगळं न्यायचा.

"काका, नली डालके देखी?"

"जिभेनं पाह्यलं ना."

"काका, मच्छी आपकी जुबान पे थोडी रहनेवाली है!"

मीठ पुरेसं असलं तरच ती नळी उभी तरंगते; घातली, तर दगडासारखी तळाला गेली. आता काय सांगू! ज्या पाण्याला त्यांच्या सात पिढ्यांनी खारट म्हणून शिव्या घातल्या, ते पाणी त्या मासोळीच्या लेखी गोडं निघालं!

सलीमभाई माणूस भला. मिठाची पोती त्यांनी लगेच अकोल्याच्या लाल गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला ठेवली अन् गाडीचा नंबर कळवला. आपल्याकडे डबा, औषध, लग्नाची साडी, सगळं असंच तर जातं-येतं. भाऊ स्टँडवर निघाले. दारातून परत फिरले.

"वयनी, बादलीपाशी बसा. अन् आवाज देत राहा. शांत झालं का त्या घाबरतात."

"मी? मी काय पुकारू?"

"काईबी. फक्त गाडी रद्द म्हनू नोका."

ते गेले अन् दहा मिनिटांत लाइट गेली. पंप बंद. मी पदर खोचला अन् तांब्याने बादलीतलं पाणी उचलून वरून सोडत राहिले, चहा निववतात तसं. तेवढीच हवा मिळते, असं भाऊंनी कधी सांगितलेलं आठवलं. अन् तोंडाने सुरू, "प्रवाशांनो, धीर धरा. गाडी येऊन राहिली." हे दारात येऊन बघून गेले.

लाइट आली, मग भाऊ आले, पोत्यांसकट. घामाघूम, पण हसत. म्हणाले, "वयनी, आज पह्यल्यांदा खिडकीच्या भाईर उभा राह्यलो. इचारलं, अमरावती गाडी केव्हा येते? आतला मानूस मान वर न करता म्हने, लागली की सांगतो!"

खारपाण बाहेर फेकलं. शुद्ध पाण्याचे जार आणले, मीठ कालवलं, पंप रात्रभर फिरत ठेवला. सकाळी नळी जिथे उभी राहायला हवी तिथे उभी राहिली. तेव्हा कुठे सावकाश, बादलीत थोडं थोडं नवं पाणी घालत, तिघींना सोडलं. अंजनगावने लगेच फेऱ्या सुरू केल्या. धारणीने दगड शोधला. शेंदूरजना मात्र मागच्या कोपऱ्यात, दगडाआड जाऊन बसली. फक्त शेपटीचं टोक दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, अन् भिंतीपलीकडून आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला घास गोड लागेना. उठून पलीकडे गेले.

भाऊ टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले. हातात खाण्याची डबी, तशीच बंद.

"दोन दिवस झाले, काई खाल्लं नाई तिनं," ते म्हणाले. "माह्या जिभेनं घात केला."

"मग पुकारा ना, भाऊ. काहून गप्प बसलात?"

त्यांनी डबी या हातातून त्या हातात घेतली. मग हळू म्हणाले, "अन् नाई आली तं?"

मी खाली सतरंजीवर बसले.

"वयनी, तीस वर्षं मी आवाज दिला का मानसं उठायची, पिशव्या उचलायची अन् निघून जायची. कामच होतं ते. पन ह्या पोरी... मी आवाज दिला का जवळ येनारं दुसरं कोनी झालं नाई आजवर."

मी फक्त त्यांच्या हातातली डबी उघडून दिली.

त्यांनी घसा साफ केला. नेहमीचा खणखणीत नव्हे, अगदी शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच आवाज. "शेंदूरजनाघाट. शेंदूरजनाघाट. गाडी उभी हाये, बाई. घाई नाई."

शेपटी हलली. मग अर्धं केशरी अंग बाहेर आलं, थांबलं. मग ती निघाली. एवढ्या मोठ्या टाकीचं सगळं पाणी कापत, थोडी तिरपी, थोडी दमलेली, सरळ आली अन् काचेला नाक लावून उभी राहिली.

भाऊंनी खाणं टाकायच्या आधी काचेवर बोट ठेवलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, उगीच चहा ठेवला. तिथूनच, माहीत असूनही, विचारलं, "आली का हो?"

"लागली," भाऊ म्हणाले. "सांगतो ना, लागली!"

आता कळलं, आवाज कसला ते? पण माझ्या बोलण्यात त्यांची सकाळची गाडी सुटून गेली. परत या. सहा महिने लावू नका, येत्या रविवारीच या, सातच्या आत. अन् भाऊंच्या दारात उभे राहून बघू नका, आत जा. तो माणूस पुकारत असतो, कोणी तरी जवळ यायला पाहिजे.